शेणकिड्यांचं रिवर्क

आमच्या मंडळात पैसे कुणाला द्यायचे यावरून भांडणं होत नाहीत. दिलेल्या पैशावर लक्ष कोण ठेवणार, यावरून होतात. भोपाळच्या बरखेड्यातलं आमचं मराठी मंडळ म्हणजे निम्मं रिटायर्ड इंजिनियरांचं आणि निम्मं त्यांच्या बायकांचं. समोरच्या मोठ्या कारखान्यात जन्म काढलेली ही माणसं. गणपतीच्या मांडवाचा एक खांब उभा करायचा तर एक जण खांब धरणार आणि चौघं ओळंबा लावून तो सरळ आहे का ते बघणार. मी मंडळाची कार्यवाह, आणि त्या ओळंबेवाल्यांपैकी एकाची बायको. त्यामुळे मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकवतेही, नाही असं नाही.

मंडळाकडे एक ठेव आहे. टाउनशिपच्या दवाखान्यात नर्स असलेल्या आमच्या एका बाईंनी ती मंडळाच्या नावानं करून ठेवली. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. रविवारी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन त्या एकट्याच रायसेनच्या बाजूच्या जंगलात जायच्या, आणि संध्याकाळी साडीच्या काठाला कुसळं घेऊन परत यायच्या. लोक त्यांना थोडं चक्रम समजत. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला बोलावून सांगितलं, "व्याज जंगलासाठीच वापरायचं. पण झाडं लावण्यात घालवू नका. झाडं लोक फोटोपुरती लावतात. जंगल कसं चालतं ते शोधणाऱ्या पोराटोरांना द्या, त्यांना कुणी विचारत नाही." मी हो म्हटलं. आजारी माणसाला नाही कोण म्हणतं? पण बाहेर येऊन ह्यांना म्हटलं की आता हे निस्तरायचं मलाच.

पहिली दोन वर्षं अर्जच आले नाहीत. आले ते "वाघ वाचवा" असं छापलेले टी-शर्ट वाटण्याचे. मग एक दिवस जवळच्याच अयोध्या नगरची एक मुलगी आली. वडील नागपूरचे, सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले. मुलगी जन्मापासून भोपाळची, त्यामुळे तिची मराठी निम्मी हिंदीतून चालायची. मंडळाच्या हॉलमध्ये समोर उभी राहून म्हणाली, "नमस्कार. मी शेणकिड्यांवर काम करते."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळेच हसले. आमचे हे सुद्धा. मला त्या मुलीची इतकी दया आली की काय सांगू. पण ती गडबडली नाही. हसणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हसून घ्या काका, मला आदत आहे."

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. अस्वलं, कोल्हे, वानरं जंगलातली फळं खातात आणि बिया विष्ठेतून बाहेर टाकतात. बी वरच राहिली तर उंदीर खातात, नाहीतर उन्हात वाळते. शेणकिडे ती घाण स्वतःच्या पिल्लांसाठी जमिनीखाली नेतात, आणि तिच्याबरोबर बीही खाली जाते. म्हणजे पेरणी होते. आता जंगलाच्या कडेच्या गावांत गुरांना जंतांची इंजेक्शनं देतात. त्या औषधाचा अंश शेणात उतरतो. "गावाची गुरं जंगलात चरतात. ते शेण खाऊन किडे मरून राहिले असतील तर पेरणी कोण करणार? मला तेच बघायचं आहे. इंजेक्शनवालं शेण आणि बिना इंजेक्शनवालं शेण, दोन्हीत बियांच्या जागी मणी घालून, बाजूबाजूला ठेवून."

"कुठल्या झाडांच्या बिया?" पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं.

"बहुत आहेत काकू. तेंदू आहे, चार आहे."

"चार म्हणजे चारोळीचं झाड? आपण श्रीखंडात घालतो ती?"

"तीच."

झालं. बायकांची बाजू तिथेच तिच्याकडे झुकली. श्रीखंडावर गदा येणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल? पुरुषांच्या बाजूनं मात्र आमचे हे उठले. जन्मभर कारखान्यात तपासणी खात्यात होते, दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढणं हेच यांचं काम. म्हणाले, "प्रत्येक महिन्याला पर्सेंटेज प्रोग्रेस कसा दाखवणार?"

"किडे जितकं करतील तितकं, काका."

सगळे पुन्हा हसले. या वेळी तिच्या बाजूनं हसले. पैसे मंजूर झाले आणि आमच्या रिवाजाप्रमाणे ताबडतोब देखरेख समितीही झाली. समितीत पाच काका, प्रमुख आमचे हे. मी म्हटलं, शेणकिड्यांवर देखरेख? उंटावरून शेळ्या हाकायची हौस दांडगी. पण माझं कोण ऐकतंय?

तिच्या कामासाठी मणी लागत होते. खऱ्या बिया उंदीर पळवतात, म्हणून बीऐवजी तेवढ्याच आकाराचे प्लॅस्टिकचे रंगीत मणी शेणात घालायचे आणि काही आठवड्यांनी हळूहळू उकरून कुठला मणी किती खोल गेला ते मोजायचं. आम्ही दोघी जवाहर चौकात गेलो. दुकानदारानं मण्यांच्या माळा पसरल्या आणि विचारलं, "तोरण बनाना है क्या, दीदी?"

"नहीं भैया, गोबर में डालना है."

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला, मग माझ्याकडे बघायला लागला. मी घाईघाईनं म्हटलं, "पूजा है." रस्त्यावर आल्यावर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्या दिवशी ती मला आवडायला लागली, आणि काकू म्हणताना तिचाही आवाज बदलला.

त्या पावसाळ्यात तिनं शहरापासून तासाभराच्या एका गावाबाहेर, जंगलाच्या कडेला, दोऱ्या बांधून चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात शेणाचे पो, प्रत्येक पोमध्ये मोजून मणी, बाजूला छोटी झेंडी. रोज बसनं जायची, चिखलानं माखून यायची. जाता-येता आमच्याकडे चहाला थांबायची. मला एकदा म्हणाली, "काकू, इंदूरच्या कोचिंगवाल्यांनी मला बायोलॉजी शिकवायला बोलावलं आहे. पगार मस्त आहे. दिवाळीपर्यंत जवाब द्यायचा आहे." आमच्या पैशात एकच पावसाळा निघत होता, आणि आमचा नियम असा की दरवर्षी नवं काम, नवा माणूस. पुढच्या वर्षीचं व्याज वटवाघळांवर काम करणाऱ्या एका मुलाला कबूलही झालं होतं. तिला बेंगळुरूच्या एका मोठ्या निधीनं अर्ज करायला सांगितलं होतं. ते तीन वर्षांचे पैसे देणार होते, पण आधी त्यांच्या बाई येऊन काम बघणार होत्या. त्यांच्यासमोर चौकोन उकरायचे असं ठरलं. ते पैसे मिळाले तर ती राहणार, नाहीतर इंदूरला जाऊन पोरांना बेडकाची आकृती काढायला शिकवणार. इतकं सरळ होतं ते.

बाई काम बघायला गावात येणार होत्या रविवारी. त्याच आठवड्यात माझ्या भाचीची मंगळागौर, म्हणून मी इंदूरला गेले. शनिवारी संध्याकाळी परत आले तर हे व्हरांड्यात खुशीत बसलेले. नखांत गेरू. मला वाटलं कुंड्या रंगवल्या.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या कारखान्यात कुणी मोठा साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी सगळी टाउनशिप धुऊन निघायची. गवत कापायचं, कचरा उचलायचा, रस्त्याकडेच्या दगडांना एकाआड एक गेरू आणि चुना. यांच्या रक्तातच आहे ते. आमच्याकडे जावई येणार असले तरी हे आधी फाटकाला चुना लावतात.

"साइट चकाचक केली," हे म्हणाले. "उद्या बाईंनी बघितलं पाहिजे. आम्ही पाचही जण गेलो होतो सकाळपासून. ती पोरगी आज बाईंना स्टेशनवरून घेऊन हॉटेलात पोचवायला गेलेली, म्हटलं तिला सरप्राइज. काय अवस्था होती गं! जिकडे तिकडे वाळकं शेण. सगळं खरवडून खतात टाकलं. जमीन चोपून घेतली. चौकोनांना दगड लावले, गेरू-चुना मारला. आणि लोकांना काही लाज? जंगलात प्लॅस्टिक! शेणात प्लॅस्टिक, मातीत प्लॅस्टिक. एक तुकडा काढला की खाली दुसरा. पण आम्ही सोडतोय होय? खुरपी घेतली आणि एकूण एक वेचला."

असं म्हणून त्यांनी खुर्चीखालून पिशवी काढून माझ्या हातात दिली. मी आत बघितलं. लाल, पिवळे, निळे, सगळे मणी. नळाखाली स्वच्छ धुतलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. "अहो, त्या दिवशी हॉलमध्ये मण्यांबद्दल सांगत होती ती पोरगी, तेव्हा तुमचे कान कुठे होते? पर्सेंटेजमध्ये?" ह्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. समजल्यावर ते खुर्चीत असे बसले की मीच घाबरले. पण राग काही जाईना माझा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

फोन मलाच करावा लागला. सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "सगळे निकाळले, काकू?"

"सगळे गं."

"कुठला मणी कुठून निघाला, ते काकांना याद आहे का? थोडं तरी?"

मी पिशवीकडे बघितलं. म्हटलं, "नाही बाळ." मग ती रडायला लागली. मीही लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गावात गेलो. बाईंची गाडी यायला वेळ होता. ते चौकोन मला अजून दिसतात. सपाट, गुळगुळीत, भोवती तांबडे-पांढरे दगड, मध्ये काही नाही. एका काकांनी घसा खाकरून सुचवलं, "मणी आहेतच ना आपल्याकडे. पुन्हा पुरून ठेवले तर? काही खोल, काही वर. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगते, मलाही एक क्षण वाटलं की काय हरकत आहे. पण ती म्हणाली, "नाही काका. मग ते तुमचं काम झालं, किड्यांचं नाही." तिचे डोळे सुजलेले होते, पण तिनं हे अगदी सरळ सांगितलं. त्या काकांनी मान खाली घातली.

बाई आल्या. केस पिकलेले, पायात पावसाळी चपला, हिंदी दक्षिणेकडच्या हेलाची. मुलीनं काही न लपवता सांगितलं. कुणाला दोषही दिला नाही. फक्त म्हणाली की गैरसमज झाला आणि या मोसमाचं मुख्य काम गेलं. तेवढ्यात आमचे हे पुढे झाले. "मैडम, ग़लती हमारी है. इस लड़की का काम अच्छा था. रिजेक्ट करना है तो हमको कीजिए." बाईंनी ऐकून घेतलं. त्या गेरूच्या दगडांकडे बघत शांतपणे म्हणाल्या की वाईट वाटलं, पण मला परत जाऊन आकडे दाखवावे लागतात. चहा घेतला, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि गेल्या.

गणपती झाल्यावर नकार आला. पुढच्या वर्षी पूर्ण मोसमाचं काम घेऊन पुन्हा अर्ज करा, असं म्हणत होते. पण पुढच्या वर्षीचा मोसम करायचा कशावर? ती आमच्याकडे येऊन सांगून गेली. चहा घेतला नाही. ह्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यानं तर ह्यांना अधिकच लागलं.

त्यानंतर हे सकाळच्या कट्ट्यावर जाईनासे झाले. जेवताना बोलेनात. मी दोन-चार टोमणे मारले, मग मारवेनात. एक दिवस वाटीतलं वरण तसंच ठेवून म्हणाले, "नोकरीत तयार झालेला एकही चांगला भाग, चांगला जॉब, माझ्या हातून कधी रिजेक्ट झाला नव्हता. आता रिटायर होऊन झाला." मी वरण गरम करून पुन्हा वाढलं.

कोजागिरीच्या आधी मंडळाची बैठक होती. दुधाला किती खर्च, एवढाच विषय. तो संपल्यावर हे उभे राहिले. हातात कागद नाही, काही नाही.

"एक विचारतो. जॉब शॉपच्या चुकीनं बिघडला तर रिवर्क कुणाच्या खर्चानं होतं?"

कारखान्यातली माणसं ती, शॉप म्हणजे ज्या खात्यात जॉब बनतो ते. सगळ्यांनी एकदमच सांगितलं, "शॉपच्या."

"मग हा कुणाच्या चुकीनं बिघडला?"

बाकीचे चार काका छताकडे बघत होते. हे म्हणाले, "ठेवीचं व्याज वटवाघळांचं आहे, त्याला हात लावायचा नाही. पुढच्या गणपतीत आर्केस्ट्रा नको, रोषणाई नको, शेवटच्या दिवशीचं जेवण नको. ते पैसे तिच्या एका पावसाळ्याला द्यायचे. आपलं बिघडवलेलं काम आपण दुरुस्त करून द्यायचं."

मग काय विचारता! हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. एक जण ओरडले, "बाप्पाच्या पैशातून शेणकिडे? धर्म बुडाला!" त्यावर पुढच्या रांगेतल्या त्याच चारोळीवाल्या काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाप्पा उंदरावर बसून फिरतो. त्याला किड्यांचं काय वावडं?" लोक हसले आणि ठराव मंजूर झाला. एकमतानं नाही हं. दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं, त्यातलं एक अजून बोलत नाही. नाही तर नाही.

मुलीला सांगायला आम्ही दोघं अयोध्या नगरला गेलो. ऐकून तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "काका, म्हणजे तुम्ही लोक पुन्हा साइटवर येणार?" ती भीती इतकी खरी होती की मला हसू आवरेना.

"येणार," हे म्हणाले. "पण हात खिशात."

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "काकू, इंदूरवाल्यांना मना करून टाकलं." मी म्हटलं, शाब्बास! पण फोन ठेवल्यावर मनात आलं, आता हेही फसलं तर ही पोर कुठे जाणार?

पुढच्या पावसाळ्यात आमच्या रिटायर्ड मंडळींनी पाळ्या लावल्या. पहिली पाळी, जनरल पाळी, दुसरी पाळी, अगदी कारखान्यासारख्या. कारण गावची कुत्री आणि मोकाट गुरं चौकोनात शिरायची. छत्री, घडीची खुर्ची आणि बायकोनं दिलेला डबा घेऊन एक एक जण तिथे बसायला लागला. आधी नुसती राखण. मग बसल्या बसल्या बघायला लागले. मग तिला प्रश्न विचारायला लागले. पर्सेंटेजचे नाही, खरे प्रश्न. हा गोळा मागच्या पायांनी का ढकलतो? तो जागच्या जागी खाली का जातो? ती जमिनीवर बसून उत्तरं द्यायची, आणि माहीत नसेल तर "मालूम नाही काका, बघू" म्हणायची.

एक दिवस हे तिथून मला फोन करून कुजबुजत्या आवाजात म्हणतात, "अगं, काय ताकद आहे याची! आणि चढावर घेऊन चाललाय." मागे पावसाचा आवाज. मी विचारलं, "छत्री आहे ना डोक्यावर?" तर म्हणाले, "छत्री त्याच्यावर धरली आहे." कपाळावर हात मारला मी. दुसऱ्या दिवशी नाक गळत होतं, तरी पाळी चुकवली नाही. झेंडी वाकडी झालेली दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे, पण हात लावायचे नाहीत. तिला फोन करून विचारायचे, सरळ करू का?

श्रावण अर्धा सरेपर्यंत फरक आम्हालाही नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागला. बिना इंजेक्शनच्या शेणाचे पो भुसभुशीत होऊन जमिनीत गेले होते. इंजेक्शनवाले तसेच, वर पापुद्रा धरून. गावातले लोक येऊन बघायचे. एका शेतकऱ्यानं स्वतःहून विचारलं की इंजेक्शन दिल्यावर गुरं काही दिवस घरीच बांधली तर चालेल का. ती इतकी खूश झाली की त्याच्याच घरी चहाला गेली.

बाई पुन्हा आल्या. तोवर तो निधी कुणाला द्यायचा याची यादी भरत आली होती, असं तिनं आम्हाला सांगितलं होतं. आमचे पाचही काका दूर एका रांगेत उभे, हात खिशात. मी पहिल्यांदाच यांना असं शाळेतल्या पोरासारखं उभं राहिलेलं बघितलं. मुलगी चमचा आणि ब्रश घेऊन उकरायला बसली. एका बाजूला मणी वरच. दुसऱ्या बाजूला वर काही नाही. ती हळूहळू माती बाजूला करत गेली, बाई तिच्या शेजारी चिखलात मांडी घालून बसल्या. बऱ्याच खाली एक पिवळा मणी निघाला. मग त्याच्याही खाली एक लाल. बाईंनी तो लाल मणी न उचलता नुसता वाकून बघितला आणि विचारलं की हा इतका खोल कुणी नेला. मुलगी म्हणाली, "मोठा काळा किडा आहे, मॅम. आमचे काका त्याला फोरमन म्हणतात."

बाई हसल्या, पण जाताना पैशांबद्दल काही बोलल्या नाहीत. आमच्यातलं कुणी विचारायलाही धजलं नाही.

त्या वर्षीचा आमचा गणपती अगदी साधा होता. दिव्यांची एक माळ, शाडूची मूर्ती, आर्केस्ट्रा नाही. लहान पोरं कुरकुरत होती, आणि खरं सांगायचं तर मोठेही. एका संध्याकाळी आरतीला उभे असताना यांच्या खिशातला फोन वाजला. मी डोळे वटारले. यांनी नाव बघितलं आणि आरती सोडून सरळ हॉलच्या दारात गेले. मी मागे गेले. यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, एकदा "हं" म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"काकू, मिळालं! तीन साल का!" पलीकडे ती ओरडत होती. "काका काही बोलतच नाहीत. ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत गं. तुझ्या आईला सांगितलंस?"

"नाही अजून. आत्ताच कळलं ना. आधी काकांना लावला."

मी फोन ठेवला आणि यांना तसंच सांगितलं, की तिनं अजून आईलाही कळवलेलं नाही, पहिला फोन तुम्हाला केला. हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आत आरती चालू होती, लोक वळून बघत होते. सगळ्यांसमोर हे हुंदके देऊन रडले. कारखान्यातून निरोप घेतला त्या दिवशीसुद्धा हा माणूस रडला नव्हता.